केवळ पैशाचा मोह नव्हे

निवृत्तीनंतरही काम करणाऱ्यांना पैशाचा मोह सुटत नाही, असं काहीजण म्हणतात; हे मत मला पटत नाही. काहींना पैशांची खरंच गरज असते, त्यांच्याबद्दल बोलायलाच नको. पण समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा यांनी बेरोजगारांच्या अभ्यासातून दाखवलं, की नोकरी पगाराखेरीज बरंच काही देते: दिवसाची आखणी, घराबाहेरची माणसं, सामायिक उद्दिष्ट, ओळख, हाताला काम. निवृत्तीत हे सगळं एका दिवसात थांबतं! पेन्शनने ते कसं भरून निघणार? शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं, तेव्हाही ते बॅटरीवर संशोधन करत होते. अशा माणसाला 'आता पुरे, आराम करा' म्हणणं मला तरी क्रूर वाटतं.