पिझ्झा बेस : घरी मळावा की तयार आणावा?

प्रश्न : ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २५०° पर्यंत तापतो. तयार बेसच्या कडा कडक होतात, मधे मात्र गिचका. घरी मळायचा खटाटोप करावा का?

उत्तर १ : तयार बेस आधीच भाजलेला असतो. पुन्हा २० मिनिटं ठेवलात तर कडा वाळणारच, आणि पातळ सॉस मधे मुरतो. सॉस आटवून दोनच चमचे लावा, सिमला मिरची परतून घ्या. बेस तव्यावर खालून २ मिनिटं शेका, मग २३०° वर ७-८ मिनिटं. घाईच्या दिवशी एवढं पुरे.

उत्तर २ : चव हवी तर घरचाच. २५० ग्रॅम मैदा, १६० मिली पाणी, ५ ग्रॅम मीठ, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, चमचाभर तेल. १० मिनिटं मळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी नव्हे, भाजायच्या दोन तास आधी बाहेर काढून दोन गोळे करा. लाटणं नको, हवा निघून जाते, बोटांनी पसरा. पसरताना गोळा आखडला तर १५ मिनिटं झाकून ठेवा. ट्रे अर्धा तास आधीपासून तापत हवा, गार ट्रेवर तळ कच्चा राहतो.

उत्तर ३ : निम्म्या मैद्याऐवजी गव्हाचं पीठ घेतलंत तर पाणी १०-१५ मिली वाढवा. जास्तीचे बेस नुसतेच ४ मिनिटं भाजून, गार करून फ्रीझरमध्ये टाका.