वाकलेल्या छताबद्दल
जुन्या प्रोमो मॉडेलचं, म्हणजे जाहिरातीसाठी काढलेल्या खऱ्या गाडीच्या छोट्या प्रतिकृतीचं, छत वाकलं ते उन्हात ठेवल्यामुळे का, असं तुम्ही विचारलंय. दोष एकट्या उन्हाचा नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या शोरूममधून मिळणारी ही १:२५ मापाची मॉडेलं बरीचशी अ‍ॅसिटेट प्लास्टिकची असत. ते प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसतं, पीळ खातं. पुढे स्टायरीन हे दुसरं प्लास्टिक आलं आणि हा त्रास सरला. गरम पाण्यात घालून सरळ करायला जाऊ नका, राहू द्या तसंच. रंगही पुन्हा मारू नका. खऱ्या गाडीच्या कंपनीच्या छटांशी जुळवलेले रंग असत ते. आणि १९५९ची कॅडिलॅक असेल तर काय सांगू! मागच्या बाजूचे ते उंच पंख, प्रत्येकावर दोन टोकदार लाल दिवे... हातात घेतली की मला अजून भरून येतं.