मदत हवी आहे: शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत पिवळा झेंडा नक्की कधी दाखवायचा?

झेंडेवाला:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. शाळांच्या फुटबॉल सामन्यांना बरीच वर्षं लाईनमन म्हणून धावलोय, त्यामुळं झेंडा वर केला की शिव्या पडणार हे अंगवळणी पडलंय. पण गेल्या रविवारी पहिल्यांदा पाण्यावर झेंडा वर केला आणि तेव्हापासून डोक्यातून ते जाईना. इथं कुणी सेलिंगमधलं जाणकार असेल तर जरा सांगा.

आमचे मामा सैन्यातून निवृत्त झालेत. नोकरीत असताना सेलिंग शिकले. आता शहराबाहेरच्या एका तलावावर सहा जुन्या ऑप्टिमिस्ट होड्या घेऊन पोरांना शिकवतात. ऑप्टिमिस्ट म्हणजे पावणेआठ फुटांची, पुढून चपटी, आंघोळीच्या टबासारखी होडी. एक शीड, एक पोर, वय पंधरापर्यंत. 'कोल्हापुरात समुद्र कुठाय?' असं कुणी म्हटलं की मामा लगेच नेहा ठाकूरचं उदाहरण देतात. देवास जिल्ह्यातली मुलगी, भोपाळच्या तलावावर तयार झाली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. एवढं झालं की समोरचा गप्प.

आता मुद्दा. आपल्याकडं होड्यांची शर्यत म्हणजे सांगलीची कृष्णा, वल्ही, आरोळ्या, काठावर ही गर्दी. ज्याच्या दंडात जोर तो पुढं. इथं नेमकं उलटं, दंडाचा जोर लावला तर गुन्हा. सेलिंगच्या नियमपुस्तकातला नियम ४२ सांगतो की होडीचा वेग वाढवायचा, टिकवायचा किंवा कमी करायचा तो फक्त वाऱ्याच्या आणि पाण्याच्या बळावर. शीड जुळवा, तोल सावरा, पण अंग हलवून होडी हाकायची नाही. शीड पंख्यासारखं पुन्हा पुन्हा ओढणं-सोडणं म्हणजे पंपिंग. होडी पाळण्यासारखी झुलवणं म्हणजे रॉकिंग. बसल्या जागी पुढं हिसका मारून गप्पकन थांबणं म्हणजे ऊचिंग. सुकाणू माशाच्या शेपटीसारखं हलवत राहणं म्हणजे स्कलिंग. आणि कारण नसताना उगाच टॅकवर टॅक मारणं (टॅक म्हणजे होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडं वळवणं), तेही नाही. हे सगळं मला पाठ आहे. घोळ होतो तो पाण्यावर.

रविवारी दुपारी वारा अगदीच मंदावला. शेवटच्या टप्प्यात होड्या वाऱ्याच्या दिशेनं, शीड पसरून, मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. मी मोटारबोटीत, हातात पिवळा झेंडा, गळ्यात शिट्टी. आम्ही त्यांच्या बाजूनं पुढं जाऊन वळलो आणि मागं येऊन थांबलो. तेवढ्यात दुसऱ्या नंबरवरच्या मुलीची डोलकाठी नजरेत भरली. पलीकडच्या काठावर एक विजेचा खांब आहे. डोलकाठीचं टोक त्या खांबाच्या डावीकडून उजवीकडं गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. तीन वेळा मोजलं. शिट्टी मारली, झेंडा तिच्याकडं रोखला, शिडावरचा नंबर ओरडलो. पोरीनं एका शब्दानं वाद न घालता बाजूला जाऊन शिक्षेच्या दोन गिरक्या घेतल्या आणि दुसरीची पाचवी झाली.

काठावर आल्यावर लाईफजॅकेट काढता काढता तिनं विचारलं, "काका, मी कधी हलले?"

आणि मला उत्तर देता आलं नाही. मी डोलकाठी बघितली होती, तिला बघितलंच नव्हतं. तिचे वडील नंतर जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण त्यांचा प्रश्नही तोच होता.

म्हणून विचारतो. होडी झुलताना दिसली, पण पोर हललेलं दिसलं नाही, तर झेंडा दाखवायचा का? आणखी दोन शंका आहेत. एक, स्टार्टला एक पोरगं नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडात घेऊन अडकलं होतं. त्यानं सुकाणू खसाखसा हलवून होडी वळवली. मी गप्प बसलो, ते बरोबर होतं का? दोन, टॅक मारताना मोठी पोरं होडी मुद्दाम कलंडवून परत उभी करतात, त्याला रोल टॅक म्हणतात. ते चालतं असं मामा म्हणतात. मग ते रॉकिंग कसं नाही?

रंकाळावेस:

सेलिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण खासबागेत कुस्त्या बघत मोठा झालोय. गॅलरीतनं हजार माणसं 'झाली, झाली' ओरडतात, पण पंच खाली वाकून बघतो की पाठ मातीला टेकली का. लोकांना दिसतो तो आवेश. पंचाला बघायची असते ती पाठ. तुम्ही गॅलरीतनं बघितलं राव.

कुलाब्याचा_वारा:

रंकाळावेस, एकदम बरोबर.

झेंडेवाला, मी मुंबईत काही वर्षं शर्यती केल्या आणि नंतर पंचांच्या बोटीत बसलो. तुमची पहिली पायरी चुकलेली नाही. सगळ्या होड्यांत एकच डोलकाठी वेगळी हलत असेल तर नजर तिकडं जायलाच हवी. पण ती फक्त नजर खेचणारी गोष्ट झाली. त्यानंतर डोलकाठी सोडायची आणि माणसाकडं बघायचं. खांदे, कंबर, शिडाची दोरी धरलेला हात, सुकाणूचा दांडा. खांदे गेले, मग होडी गेली, मग शीड फडकलं, असा क्रम दिसला पाहिजे. पुन्हा पुन्हा होतंय का आणि नियमातल्या एखाद्या सवलतीत बसतंय का, हे त्यानंतर. मी बोटीतल्या जोडीदाराला हळू आवाजात सांगायचो, 'खांदे आत, होडी उजवीकडं, खांदे बाहेर, होडी डावीकडं.' असं वाक्य पुरं करता आलं तरच शिट्टी तोंडाला. नाही आलं तर झेंडा मांडीवरच. म्हणून बोटीत दोन पंच असलेले बरे.

लाटांमुळं होडी आपोआप झुलत असेल तर तो गुन्हा नाही आणि ते झुलणं थांबवायची सक्तीही तिच्यावर नाही. पोर एका जागी स्थिर बसलं असेल, अगदी तोल कमी होईल अशा जागी बसलं असेल, तरी चालतं. उलट एकदाच अंग टाकलं आणि त्यातून होडी झुलत राहिली, तर ते रॉकिंग, मग नंतर पोर दगडासारखं बसलेलं असलं तरीही. यातच पंच फसतो, कारण तुम्ही बघायला लागता तेव्हा ते स्थिर असतं. वर्ल्ड सेलिंग या खेळाच्या जागतिक संघटनेच्या संकेतस्थळावर नियम ४२ चे अधिकृत अर्थनिर्णय फुकट मिळतात. त्यातलं रॉकिंगचं पान एकदा छापून घ्या.

सुकाणूचं: तो पोरगा वाऱ्याच्या तोंडात, जवळजवळ थांबलेला. तिथून शक्य तितकं वाऱ्याजवळ चालायच्या दिशेपर्यंत वळायला सुकाणू हलवायची मुभा आहे, जोरात हलवलं तरी. तुम्ही गप्प बसलात ते योग्यच. पण तो त्या दिशेला आल्यावरही हलवत राहिला असता, किंवा एका बाजूला वळून लगेच सुकाणू हलवूनच उलट बाजूला परत आला असता, तर झेंडा. स्टार्टला जागा धरून बसणारी पोरं हमखास हेच करतात.

रोल टॅकचं: वळायला मदत करणारं झुकणं वाढवायची परवानगी आहे. अट एवढीच की टॅक संपल्यासंपल्या होडीचा वेग, टॅक मारलाच नसता तर असता त्यापेक्षा जास्त नको. टॅक संपताना डोलकाठी सरळ होऊन थोडी वाऱ्याकडं गेली तरी चालतं. होडी नव्या दिशेला लागली आणि त्यानंतरही पोरानं पुन्हा एक हिसका मारला, तर तो टॅकचा भाग राहत नाही.

आता मला तुमच्याकडून दोन गोष्टी कळायला हव्यात. तुमची मोटारबोट तिच्या शेजारून किती अंतरावरून आणि किती वेगानं गेली? आणि शर्यतीच्या सूचनापत्रात नियमपुस्तकातलं परिशिष्ट पी लागू असल्याचं लिहिलं होतं का?

झेंडेवाला:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला लाज वाटते. वीस-पंचवीस फुटांवरून. वेगात, कारण पुढच्या खुणेपाशी आधी पोचायचं होतं. वळलो ते तिच्याच पुढ्यात. तलाव आरशासारखा होता, दुसरी लाट कुठली येणार? आता आठवतंय, तिच्या मागच्या दोन होड्याही डुलल्या होत्या, थोड्या उशिरा. तेव्हा डोक्यात आलंच नाही.

दुसरं, सूचनापत्र म्हणजे मामांचा फळा. मोबाईलमधला फोटो आत्ता उघडून बघितला. त्यावर वेळ, मार्ग, डब्यात काय आणायचं आणि खाली 'नियम ४२ कडक पाळला जाईल' एवढंच. परिशिष्टाचा पत्ता नाही.

कुलाब्याचा_वारा:

मग तो झेंडाच उभा राहत नाही. परिशिष्ट पी शर्यतीची घोषणा किंवा सूचनापत्रात लागू केलं असेल तरच पाण्यावर थेट पिवळा झेंडा दाखवून शिक्षा देता येते. पहिल्यांदा दोन गिरक्या, दुसऱ्यांदा शर्यत सोडायची. ते लागू असतं तर तिला दाद मागायला जवळपास जागाच उरत नाही, पंचाची नजर चुकली एवढं कारण चालत नाही. पण इथं लागूच नव्हतं. संशय आला तर रीतसर तक्रार, मग सुनावणी, हाच मार्ग होता. म्हणजे तुमची कृती नियमबाह्य आणि तिची जागा तिची काही चूक नसताना गेली, तेव्हा ती दाद मागू शकते. मुदत उलटून गेली असेल तरी सबळ कारण असलं तर ती वाढवावी लागते. पंचांनाच लाट आपली होती हे नंतर कळलं, याहून सबळ कारण काय असतं?

पुढच्या वेळी बोट मागं आणि लांब ठेवा. वारा पडला की पंचांची बोट हीच तलावातली सगळ्यात मोठी लाट असते.

गारगोटी_एसटी:

विषय सोडून एक. २०१९ च्या महापुरात बचावाच्या होडीत बसलो होतो. दोघं वल्हवत होते, एक जण बांबूनं रेटत होता, मी ताटानं पाणी मारत होतो. हा नियम ४२ तिथं असता तर आम्ही सगळे बाद.

कुलाब्याचा_वारा:

नाही नाही. धोक्यात असलेल्या माणसाला मदत करायला वाट्टेल त्या रीतीनं होडी हाकायची मुभा या नियमातच लिहिलेली आहे. ताटसुद्धा चालतं.

झेंडेवाला:

सगळ्यांचे आभार. परवा त्या मुलीच्या घरी जाऊन येतो. वडील दार उघडतील तेव्हा काय बोलायचं ते वाटेत ठरवीन. पाचवीची परत दुसरी करायची का, ते मामांनी समिती बसवून ठरवायचंय, आणि समितीत तेच आहेत.

खरी अडचण वेगळीच आहे. रविवारी मोटारबोट मामाच चालवत होते. लाट त्यांची होती हे त्यांना कोण सांगणार?

रंकाळावेस:

पिवळा झेंडा तुमच्याकडंच आहे की.