लाईट रेल कुठून न्यावी, हे ग्रामसभेला विचारायचे की नाही? ‘मांडवीकाठ’ यांच्या लेखाला उत्तर

डिचोलीकर:
‘मांडवीकाठ’ यांनी परवा लिहिले की, म्हापसा–पणजी–वेर्णा–मडगाव अशी लाईट रेल (मेट्रोपेक्षा हलकी शहरी रेल्वे) आणि तिला जोडणाऱ्या बसेस हाच आपल्या वाहतूक कोंडीवरचा उपाय आहे, आणि मार्ग आखण्याचे काम निमूटपणे अभियंत्यांवर सोपवावे, कारण ‘गोव्यातल्या ग्रामसभेला फक्त नाही म्हणता येते’. हे शेवटचे वाक्य मला दोन दिवस टोचत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी कोकण रेल्वेवरून आंदोलन पेटले, तेव्हा मी शाळेत होतो. आंदोलकांपैकी बहुतेकांचा विरोध रेल्वेला नव्हता, तर खाजन जमिनींवर (बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांवर) भराव घालून किनारी तालुक्यांतून जाणाऱ्या मार्गाला होता. रूळ आतल्या तालुक्यांतून न्यावेत, अशी त्यांची मागणी होती. (ती मान्य झाली असती तर रेल्वे आमच्या बाजूला आली असती, त्यामुळे मी निःपक्षपाती आहे असा दावा करत नाही.) अखेर झाले काय? राजधानीसाठी उतरायचे ते करमळीला, म्हापशासाठी थिवीला, आणि मडगावात रेल्वे स्थानक शहराच्या एका अंगाला तर कदंब, म्हणजे सरकारी बसेसचे, स्थानक दुसऱ्या. सामान घेऊन उतरलेला माणूस पहिल्यांदा पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) शोधतो, तो हौसेने नव्हे.

तज्ज्ञांचा दुसरा नमुना म्हणजे मडगावची स्कायबस, उंच रुळांखाली लटकून धावणारी गाडी. लोकांना कोणी काही विचारले नव्हते. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीत अपघात झाला, एका अभियंत्याचा जीव गेला, आणि तिचे खांब पुढे कित्येक वर्षे उभे राहून २०१३ मध्ये हटवले गेले.

रुळांच्या वळणाची त्रिज्या किती असावी, हे लोकांना विचारू नये, हे मलाही कळते. विचारायचे ते वेगळेच असते. घरापासून अर्धा किलोमीटर चालावे लागले तरी चालेल, पण दर दहा मिनिटांनी बस हवी, की दिवसातून तीनदाच आली तरी चालेल, पण वाड्यापर्यंत यायला हवी? उपलब्ध बसेस तेवढ्याच असतील तर दोन्ही मिळत नाहीत, आणि यातले काय निवडावे हे कोणत्याही सूत्राने सुटत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने २०१५ मध्ये जवळपास सगळे बसमार्ग एका दिवसात बदलले. पण त्याआधी कच्चा आराखडा लोकांपुढे ठेवला आणि सूचना घेऊन तो दुरुस्त केला.

मांडवीकाठ:
माझे एक वाक्य उचलून आपण एवढा इतिहास लिहिलात, याबद्दल आभार. पण तो अर्धाच सांगितलात. आंदोलनामुळे काम थांबले, आयोग नेमावा लागला, आणि तरीही २६ जानेवारी १९९८ रोजी ७६० किलोमीटरचा मार्ग देशाला मिळाला, तो कोकण रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरन यांच्यासारखे अभियंते ठाम राहिले म्हणून. प्रत्येक वाड्याला विचारत बसलो असतो तर आजही आपण मुंबईला जायला रात्रभर घाटातून हिंदकळत गेलो असतो.

शिवाय ‘लोक’ म्हणजे नेमके कोण? आमच्या ग्रामसभेत रविवारी सकाळी येतात ते निवृत्त पुरुष, कंत्राटदार आणि पंचांचे विरोधक. बसने जाणारी कॉलेजची मुलगी तिथे नसते, मासळीची पाटी घेऊन बसमध्ये चढणारी बाईही नसते. ज्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत, त्यांनी बसथांब्यावर मत द्यायचे, आणि त्याला लोकशाही म्हणायचे?

होंड्याची परिचारिका:
रविवारी सकाळी मी ग्रामसभेत नसते, हे खरे आहे. मी कामावर असते किंवा रात्रपाळी करून झोपलेली असते. तेव्हा ‘मांडवीकाठ’ यांनी माझ्या वतीने बोलण्यापेक्षा मी स्वतःच लिहिते.

माझी दुपारची पाळी बांबोळीला रात्री आठला संपते. पणजीच्या स्थानकावर पोचेपर्यंत साखळी-वाळपईची शेवटची बस सापडेल की नाही, याचा नेम नसतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती सापडली. पण माशेलला सगळे उतरून गेले आणि आम्ही तीनच प्रवासी उरलो, तेव्हा वाहकाने दिवे मालवून सांगितले की गाडी पुढे जाणार नाही. त्याने तिकिटाचे पैसे मोजून परत केले, चिल्लरसकट. पाऊस पडत होता, थांब्याचे पत्रे एका कोपऱ्यात गळत होते, आणि मी भावाला फोन करून एक तास तिथे उभी राहिले. तुमची लाईट रेल वेर्ण्याला वळो की आगशीला, मला तिचा काहीही उपयोग नाही. मला नऊची बस हवी आहे.

पिवळी पाटी:
खासगी बसवाल्यांना बडवायला हा धागा काढला आहे का? माझ्या दोन बसेस आहेत. तीन प्रवाशांसाठी माशेलहून वाळपईपर्यंत जायचे आणि रिकामी गाडी परत आणायची, तर त्याचे डिझेल कोण देणार? ताईंना त्रास झाला, हे वाईटच आहे. परंतु आम्ही समाजसेवा करत नाही. अनुदानाचे अर्ज करून खात्याच्या दारात किती खेटे घातले, ते मोजणे मी सोडून दिले आहे. पुढची गाडी दोन मिनिटे आधी सुटली की माझे प्रवासी तीच उचलते, म्हणून आमचा चालक धावतो. त्याला धावायची हौस नाही.

होंड्याची परिचारिका:
धावता तेव्हा धावता आणि गाडी भरेपर्यंत स्थानकावर अर्धा तास रखडता तेव्हा रखडता. वाहक पत्र्यावर थापा मारून ‘फुडें वच, फुडें वच’ म्हणत उभ्या माणसांवर माणसे कोंबतो, तेव्हा डिझेलचा हिशेब बरोबर जुळतो, आणि रात्री मात्र तो चुकतो?

पिवळी पाटी:
सकाळच्या त्या कोंबलेल्या फेरीवरच दिवसभराच्या रिकाम्या फेऱ्या निघतात, हे आपणास समजत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. परवाना परत करून मोकळा होतो, मग स्कूटरने जा बांबोळीला.

डिचोलीकर:
दोघेही जरा थांबा, कारण दोघांचेही म्हणणे एकाच ठिकाणी जाऊन पोचते. तिकिटाच्या गल्ल्यावर पोट असेल तोवर सकाळी शर्यत आणि रात्री अंधार हे होणारच. लंडनमध्येही बसेस खासगी कंपन्याच चालवतात. परंतु मार्ग, वेळ आणि भाडे सार्वजनिक यंत्रणा ठरवते आणि बसवाल्याला ठरलेल्या सेवेचे पैसे कराराने मिळतात. गाडीत तीन माणसे असोत की साठ, त्याचे नुकसान होत नाही. आपल्याकडे ‘म्हजी बस’ योजनेत खासगी बसेस कदंबच्या छत्राखाली आणण्याची कल्पना याच दिशेची आहे. पण नऊची फेरी कुठे हवी, हे वातानुकूलित खोलीतल्या नकाशावर दिसत नाही. ते ताईंनाच विचारावे लागते, आणि माझा मुद्दा पहिल्यापासून एवढाच आहे.

पिवळी पाटी:
किलोमीटरमागे पैसे आणि ते वेळेवर, असे लिहून मिळाले तर मी बाराची फेरीसुद्धा मारीन. ‘वेळेवर’ या शब्दाखाली मात्र दोनदा रेघ ओढा.

खाजनदार:
आराखडे लोकांपुढे ठेवतात म्हणता, पण कोणत्या भाषेत? आमच्या गावात फलकावर लागलेली सूचना इंग्रजीत होती. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचा वापरही शासकीय कामासाठी मान्य आहे. मग नकाशावरची टीप माझ्या आईला का वाचता येऊ नये?

मांडवीकाठ:
आला भाषावाद! मला वाटलेच होते, कोणी तरी आणणार.

खाजनदार:
हा भाषावाद नव्हे, साहेब. ज्या बांधावरून तुमचे रूळ जाणार, त्या बांधाची मानस (पाण्याचे दार) कोण उघडते आणि भरतीचे पाणी कुठवर चढते, हे आईला ठाऊक आहे, तुमच्या सल्लागाराला नाही. तिला न समजणाऱ्या भाषेत विचारून ‘हरकत आली नाही’ असे लिहिणे सोपे असते.

दिवाडीचो:
आपण सगळे रूळ आणि रस्त्यांवरच अडकलात. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा माणसे फेरीबोटीनेच पार गेली होती. कोचीने २०२३ मध्ये बेटांना जोडणारी वॉटर मेट्रो सुरू केली. आमच्या धक्क्यावर फेरीबोटीची वेळ आणि पलीकडच्या बसची वेळ यांची सांगड घातलीत, तरी पुष्कळ होईल.

मांडवीकाठ:
आकड्यांवर कोणी बोलतच नाही, म्हणून मीच बोलतो, जरी ते माझ्याच विरुद्ध जात असले तरी. केंद्राच्या निकषांत मेट्रोलाईट, म्हणजे हीच लाईट रेल, ही तासाला एका दिशेने पंधरा हजार प्रवाशांपर्यंतच्या वाहतुकीसाठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या संपूर्ण राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, आणि तीही गावोगाव विखुरलेली. पणजी–म्हापसा सोडले तर एवढी गर्दी कुठे जमेल, याचे खात्रीलायक उत्तर माझ्याकडे नाही. २०१७ च्या मेट्रो धोरणानेही आधी पर्यायांची तुलना करणे बंधनकारक केले आहे, हे मी लेखात लिहायला हवे होते. मुंबईची मोनोरेल २०१४ मध्ये धावू लागली, पण ती कधी भरली नाही, हेही मी पाहिले आहे.

तेव्हा रूळ तूर्त बाजूला ठेवू. बसचे थांबे, वेळा आणि शेवटची फेरी लोकांना विचारून ठरवा, हे मी मान्य करतो. मात्र ग्रामसभेत नको, या मतावर मी ठाम आहे. कदंब स्थानकावर, रात्री आठला, बसची वाट पाहणाऱ्यांना विचारा. म्हणजे प्रत्यक्ष प्रवाशांचे मत मिळेल.

होंड्याची परिचारिका:
सूचना उत्तम आहे. रात्री आठला सुरू झालेली सुनावणी साडेनऊला संपणार. मग मी घरी कशी जाऊ?

पिवळी पाटी:
त्या दिवशी माझी बस थांबेल, ताई. वाळपईपर्यंत सोडीन. डिझेलचे पैसे ‘डिचोलीकर’ बाबांकडून आगाऊ घेईन.