महाबळेश्वर: दोन खोल्यांऐवजी एक स्वीट देतायत. घ्यावा का?

स्वारगेटची_लेक | ३० जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. हॉटेलला उद्या दुपारपर्यंत कळवायचंय, म्हणून जरा घाईने विचारतेय.

बाबांना ७ फेब्रुवारीला पंचाहत्तर पूर्ण होतायत. ते एसटीत चालक होते. कितीतरी वर्षं स्वारगेट-महाबळेश्वर केलं, त्यात मुक्कामाची गाडीही असायची. संध्याकाळी वर पोचायचं, डेपोच्या विश्रांतिगृहात लोखंडी खाटेवर पाठ टेकायची आणि पहाटेची गाडी घेऊन खाली यायचं. महाबळेश्वरात त्यांच्या शेकडो रात्री गेल्या असतील, पण हॉटेलात एकही नाही. आम्हाला लहानपणी दाखवायला नेलं तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. म्हणून या वेळी मी सगळं ठरवलं: शुक्रवार ते रविवार, दोन रात्री, तळमजल्यावरच्या दोन शेजारच्या खोल्या. एकीत आई-बाबा, दुसरीत मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी. एका खोलीचे रात्रीला ५,८०० रुपये, त्यात नाश्ता आणि रात्रीचं जेवण, जीएसटी वेगळा. पैसे नोव्हेंबरातच भरलेत.

आज हॉटेलचा फोन आला. त्या शनिवारी लग्न आहे, खालच्या खोल्या सगळ्या वऱ्हाडाला गेल्यात, तर "मॅडम, तुम्हाला कॉम्प्लिमेंटरी अपग्रेड देतोय, दोन बेडरूमचा स्वीट, व्हॅली व्ह्यू, त्याच पैशात." मी आनंदाने हो म्हणणारच होते. फोन ठेवून फोटो बघितले, तर स्वीट पहिल्या मजल्यावर, लिफ्टचा उल्लेख कुठे नाही आणि बाथरूममध्ये टब. बाबांचा डावा गुडघा मागच्या मे महिन्यात बदललाय. क्लच दाबून दाबून गेला, असं ते म्हणतात. चालतात चांगले, पण ओल्या टबाच्या कडेवरून पाय आत टाकायला मी त्यांना लावणार नाही.

नको म्हटलं तर बुकिंगच रद्द करतील का? घ्यायचा तर काय काय विचारून घेऊ? आणि आईला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचंय, कणकेचे दिवे ती घरून करून आणणार आहे. हॉटेलच्या खोलीत हे चालतं का?

जुना_फ्रंट_ऑफिस | ३० जानेवारी, रात्री ११.५५

ताई, बावीस वर्षं रिसेप्शनच्या काउंटरमागे उभा राहिलोय, त्यातली सहा पाचगणीत. घाबरू नका, तुमची बाजू भक्कम आहे.

आधी हे समजून घ्या की असा स्वीट का मिळतो. साध्या खोल्यांना मागणी सगळ्यात जास्त. काही जण आयत्या वेळी रद्द करणार हे धरून हॉटेल असतात त्याहून दोन-चार खोल्या जास्तच विकतं. मोठं लग्न आलं की हिशेब चुकतो. खाली जागा नाही आणि वर स्वीट रिकामे, कारण स्वीट रोज विकला जातच नाही. मग आदल्या आठवड्यात आम्ही येणाऱ्यांची यादी घेऊन बसायचो आणि कुणाला वर सरकवता येईल ते बघायचो. तुमच्या एका होकारात त्यांच्या दोन खोल्या सुटतात. गरज त्यांचीही आहे, तेव्हा मोकळेपणाने मागा. तळमजला तुम्ही आधीपासून मागितलेला आहे आणि त्याचे पैसे भरलेत. तो बदलायला तुमची संमती हवी, हे सौम्य शब्दांत पण स्पष्ट सांगा.

फोन रिझर्वेशनला करू नका. सकाळी दहाच्या सुमाराला फ्रंट ऑफिस मॅनेजरला मागा. चेकआउटची गर्दी सुरू व्हायच्या आत तो निवांत ऐकतो. पायऱ्या किती, हे आकड्यात विचारा. "थोड्याच आहेत" हे उत्तर घेऊ नका. टबाशिवाय वेगळा शॉवर आहे का? नसेल तर जुन्या इमारतीत तळमजल्याला दुसरा स्वीट आहे का? हिलस्टेशनच्या जुन्या हॉटेलांत असा एखादा असतो, दरी दिसत नाही म्हणून तो मागे पडलेला असतो. जेवण चौघांचं धरलंय का, हे नक्की विचारा. दोन खोल्यांवर चार माणसं धरलेली असतात, पण स्वीट सिस्टीममध्ये दोन माणसांवर लावला की तिसऱ्या-चौथ्या ताटाचे पैसे बिलात येतात. मी असे वाद काउंटरवर खूप मिटवलेत. आणखी एक, लग्नाचं लॉन स्वीटच्या खिडकीखाली आहे का? वऱ्हाडाच्या वरचा स्वीट म्हाताऱ्या माणसांना शिक्षा असते.

ठरेल ते सगळं ईमेलवर मागून घ्या आणि चेक-इनच्या कार्डावर सही करताना त्यावरचा दर वाचा.

दिव्यांचं सांगतो. खोलीत गालिचा, पडदे आणि छताला धुराचा सेन्सर. पंचाहत्तर वाती एकदम पेटवल्या तर अलार्म वाजू शकतो, आणि सेन्सरवर काही झाकायचा विचारही करू नका. फरशीचा व्हरांडा मागा आणि वेळ आधी सांगून ठेवा. हाउसकीपिंगची माणसं अशा कामाला मनापासून येतात.

आकडेमोड_सीए | ३१ जानेवारी, सकाळी ७.१०

एक गोष्ट राहिली. जीएसटीचा दर एका युनिटच्या एका दिवसाच्या भाड्यावर ठरतो. ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के (२२ सप्टेंबर २०२५ पासून, त्याआधी १२ होता), त्याच्या वर १८ टक्के, तोही पूर्ण रकमेवर. तुमच्या खोल्या प्रत्येकी ५,८०० च्या, म्हणून ५ टक्के. तेच ११,६०० एका स्वीटचं भाडं म्हणून लावलं तर १८ टक्के. रात्रीचा कर ५८० वरून २,०८८ वर जातो, दोन रात्रींत ३,०१६ रुपयांचा फरक. "त्याच पैशात" म्हणजे करासकट त्याच पैशात, असं लिहून घ्या.

वाईची_सून | ३१ जानेवारी, सकाळी ८.२५

माझं मत वेगळं आहे. माझ्या सासऱ्यांना आम्ही असंच मोठ्या स्वीटमध्ये नेलं होतं. उंच छत, तिन्ही बाजूंनी काचा. फेब्रुवारीत वेण्णा लेकच्या बाजूला पहाटे किती गारठतं ते आम्हा खालच्या लोकांना माहीत आहे, काही वर्षी तिथे दवही गोठतं. रात्रभर ती खोली तापलीच नाही. सासरे दुसऱ्या दिवशी म्हणाले, मला लहान खोली बघ. म्हाताऱ्या माणसाला पलंगापासून संडास चार पावलांवर हवा, दरी नसली तरी चालते. घेतलात तर हीटर आणि जास्तीच्या रजया आधीच सांगून ठेवा. गरम पाणी किती ते किती असतं तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी सकाळचे दोन-तीन तासच बॉयलर चालू असतो. नाहीतर सरळ दुसऱ्या हॉटेलात तळमजल्याच्या दोन खोल्या बघा.

स्वारगेटची_लेक | ३१ जानेवारी, दुपारी १.०५

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही म्हणालात तसा दहाला फोन केला. पहिल्या मजल्याला बावीस पायऱ्या, वेगळा शॉवर नाही. मी नको म्हटलं. मग तळमजल्याच्या जुन्या स्वीटचं विचारलं, तर खरंच निघाला! एकच बेडरूम, पण बैठकीची खोली मोठी, पुढे फरशीचा व्हरांडा, साधा शॉवर, लॉन इमारतीच्या पलीकडे. चौघांचं जेवण धरून दोन रात्रींचे करासकट २४,३६० रुपये, म्हणजे आधीइतकेच. मेल आलाय. हीटर आणि चार जास्तीच्या रजयाही त्यात लिहून घेतल्यात. मी आणि लेक बैठकीत झोपू.

स्वारगेटची_लेक | १० फेब्रुवारी, रात्री ९.३०

जाऊन आलो. एवढं सांगितलंत, तर पुढचं सांगायलाच हवं.

पसरणी घाटात बाबा माझ्या शेजारी बसले होते. वळण आलं की त्यांचा डावा पाय आपोआप पुढे जायचा. पाचगणीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग म्हणाले, "गाडी चांगली ठेवतेस."

खोलीच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. आई आत जाऊन सगळं बघून आली, पण ते बैठकीत सोफ्याच्या टोकावर बसून राहिले. "हे सगळं आपल्याला?" असं दोनदा विचारलं. मोरीत, म्हणजे बाथरूममध्ये, प्लॅस्टिकचं पक्कं स्टूल ठेवलेलं होतं. मी ते मागितलंही नव्हतं, गुडघ्याचं ऐकून मॅनेजरने आपणहून ठेवायला लावलं होतं. दोन्ही दिवस बाबांनी त्यावर बसून अंघोळ केली.

शनिवारी पहाटे जाग आली तर व्हरांड्याचं दार किलकिलं होतं. बाबा कानटोपी, स्वेटर आणि वर हॉटेलची रजई अशा थाटात वेताच्या खुर्चीत बसलेले. चारलाच उठतात ते. घरी आमची एकच झोपायची खोली, आईची झोप मोडू नये म्हणून अंधारात पडून राहतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी किटलीत चहा केला, पूड आई घरून घेऊन आली होती. दोघं बसलो. थोड्या वेळाने खालच्या रस्त्यावरून इंजिनाचा आवाज आला, चढावर गिअर बदलल्याचा. बाबा म्हणाले, "पहिली गाडी." मग आपणहून सांगायला लागले. विश्रांतिगृहात थंडीच्या दिवसांत गादीखाली पेपर अंथरायचे, दोन ब्लँकेटांत ते आणि कंडक्टर भागवायचे. जुन्या गाड्यांचं इंजिन थंडीत लवकर सुरू व्हायचं नाही, म्हणून गाडी उतारावर तोंड करून लावून ठेवायची. पावसाळ्यात घाटात धुकं आलं की कंडक्टर खाली उतरून बॅटरी घेऊन पुढे चालायचा. चाळीस वर्षांत हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. उजाडेपर्यंत मी एकदाही फोन हातात घेतला नाही.

मुंबई पॉइंटचा सूर्यास्त बघायचा बेत होता. बाबांनी डेपो मागितला. स्टँडवर गेलो, नातीला त्यांनी उभं राहून दाखवलं की त्यांची गाडी कुठे लागायची. एका तरुण चालकाने विचारपूस केली आणि चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. तासभर गेला तिथे. सूर्यास्त राहिला, त्याचं आम्हाला कुणाला काही वाटलं नाही.

संध्याकाळी दिवे. वाऱ्याने पहिल्या दहा वाती लगेच विझल्या. आईचा चेहरा पडला, सकाळपासून ती त्याच तयारीत होती. हाउसकीपिंगचा मुलगा धावत किचनमध्ये गेला आणि खोल पराती घेऊन आला, पाच. प्रत्येकीत पंधरा दिवे, वाऱ्याच्या बाजूला दोन चादरी धरून उभे तो आणि माझी लेक. एकेक परात करत आईने ओवाळलं. पाचव्या परातीला बाबांना बघवेना, त्यांनी मान खाली घातली.

वाईच्या ताई, थंडीबद्दल तुम्ही बरोबर होतात. बैठकीची खोली शेवटपर्यंत गारच होती, हीटर आई-बाबांच्या खोलीत दिला आणि आम्ही दोघी प्रत्येकी दोन रजयांत. तरी बेडरूम लहान होती तेच बरं झालं, संडास खरोखर चार-पाच पावलांवर. लग्नाचा डीजे दहाला बंद झाला.

सीए साहेब, बिल बघितलं. मूळ २०,६४४ आणि १८ टक्क्यांनी ३,७१६, एकूण २४,३६०. म्हणजे फरक त्यांनी आपल्या दरातून सोसला. तुम्ही सांगितलं नसतं तर मी वरचे तीन हजार मुकाट्याने भरले असते.

रविवारी निघताना बाबांनी सगळ्या रजयांच्या घड्या घालून पायथ्याशी रचल्या. तो मुलगा म्हणाला, राहू द्या ना काका, आम्ही करतो. बाबा म्हणाले, "रात्री दुसरा ड्रायव्हर येतो रे. त्याला घडी केलेली मिळाली पाहिजे."

वाईची_सून | १० फेब्रुवारी, रात्री १०.१५

सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते विचारतायत, तुमचे बाबा कोणत्या साली निवृत्त झाले? ते वाई स्टँडवरून रोज त्याच गाडीने पाचगणीला शाळेत शिकवायला जायचे.

स्वारगेटची_लेक | १० फेब्रुवारी, रात्री १०.२२

२००९ ला, ताई. बाबा शेजारीच आहेत. विचारतायत, सकाळची सव्वासातची का? आणि मास्तर खिडकीशी बसायचे का?