विषय: प्रॉपर्टी टॅक्स थकला, टाउनशिपचं पत्र आलंय

नमस्कार मंडळी,

दिरांच्या वतीने विचारते आहे. घर इथेच, न्यू जर्सीत. कर्ज फिटलं, एस्क्रो (कर्जाच्या हप्त्याबरोबर कराचे पैसे घेऊन बँक परस्पर भरते ते खातं) बंद झालं आणि तेव्हापासून प्रॉपर्टी टॅक्सचं बिलच आलेलं नाही. आता टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कळवलंय की थकबाकी टॅक्स सेलमध्ये लावणार. जाऊबाई रडकुंडीला आल्यात. घराचा लिलाव होणार का? बिलच आलं नाही तर दंड माफ व्हायला हवा ना? शिवाय दिरांना सिटिझनशिपचा अर्ज करायचाय, त्यात या थकबाकीची अडचण येईल का?

— म.

---

मताई,

आधी जाऊबाईंना सांगा, घर उद्या कोणी काढून घेत नाही आणि एवढ्यासाठी तुरुंगातही टाकत नाहीत. त्या सेलमध्ये घर विकत नाहीत, थकबाकीचं सर्टिफिकेट विकतात. गुंतवणूकदार टाउनशिपला पैसे भरतो आणि तुमच्याकडून व्याजासकट वसुलीचा हक्क मिळवतो. बोली १८ टक्के व्याजापासून खाली उतरत जाते.

बिल आलं नाही ही सबब मात्र चालत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरची १ तारीख आली की हप्ता देय. थकलेल्या पहिल्या १,५०० डॉलरवर ८ टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत व्याज लागतं. माफी मागण्यात वेळ घालवू नका.

सर्टिफिकेट विकलं गेलं तरी सोडवता येतं, पण पैसे टॅक्स कलेक्टरच्या ऑफिसातच भरायचे. सर्टिफिकेटवाला परस्पर फोन करून मागेल, त्याला एक डॉलरही देऊ नका. खरा धोका दोन वर्षांनी. तेव्हा तो फोरक्लोजरसाठी, म्हणजे घरावरचा तुमचा हक्क संपवण्यासाठी, कोर्टात जाऊ शकतो. कराचा बोजा गहाणखताच्याही आधी येतो. बँका एस्क्रोचा आग्रह धरतात तो म्हणूनच, आपल्या काळजीपोटी नव्हे!

मिनियापोलिसच्या जेराल्डिन टायलर यांची केस वाचा. सुमारे २,३०० डॉलरचा कर थकला, दंड-व्याज धरून तो १५,००० झाला. काउंटीने त्यांचा फ्लॅट ४०,००० ला विकला आणि वरचे २५,०००ही स्वतःकडेच ठेवले. निकाल लागला तेव्हा बाई नव्वदी ओलांडलेल्या. २५ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हे घटनाबाह्य आहे, थकबाकीच्या वरची रक्कम सरकारला गिळता येत नाही. पण त्यासाठी वॉशिंग्टनपर्यंत भांडावं लागलं, हेही लक्षात घ्या.

सेलच्या आधी जाऊन भरून टाका. साधा चेक सहसा घेत नाहीत, बँकेकडून सर्टिफाइड चेक करून न्या. आणि रेकॉर्डला पत्ता कोणाचा आहे ते विचारा. कर्ज फिटल्यावरही बिलं जुन्या बँकेकडेच जात राहतात, हा प्रकार मी पुष्कळदा पाहिलाय.

— श्री. काका

---

सिटिझनशिपबद्दल: एन-४०० अर्जात फेडरल, स्टेट किंवा लोकल कर थकलाय का, असा थेट प्रश्न असतो. लोकल म्हणजे हाच. तेव्हा आधी कर भरा, मग अर्ज. मधल्या काळात अर्ज गेलाच तर उत्तर खरंच द्या, खोटं उत्तर थकबाकीपेक्षा महागात पडतं. केस गुंतागुंतीची असेल तर इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

— अ.

---

काका, अ., मनापासून आभार. दीर आज जाऊन आले. रेकॉर्डला अजून बँकच होती! व्याज एक पैसाही सोडलं नाही, पण सेलच्या यादीतून घर काढतो म्हणाले. जाऊबाईंना आता वेगळीच काळजी, यादी पेपरात छापून आली असेल तर?

— म.

---

छापली असेल तर असू दे, ती कोण वाचतंय! पावतीवरचा ब्लॉक आणि लॉट नंबर (जागेचा सरकारी क्रमांक) डीडशी, म्हणजे घराच्या खरेदीखताशी, ताडून पाहा, शेजारच्या लॉटवर पैसे जमा झाल्याचं एक उदाहरण मला माहीत आहे. बिलाचा पत्ता बदलून मिळावा म्हणून लेखी अर्जही आजच द्या, नोव्हेंबरचा हप्ता फार लांब नाही.

— श्री. काका