सरकारी पैशातून कला आणि समेट: उपयोग की उधळपट्टी?

चौकस: कोलंबियाच्या २०१६च्या शांतता करारात एक कलम आहे: फार्क बंडखोरांनी खाली ठेवलेल्या शस्त्रांतून तीन स्मारके घडवायची. राजधानी बोगोटातले काम शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी केले. वितळवलेल्या ३७ टन शस्त्रांच्या फरशा झाल्या. त्यांचे साचे ज्या पत्र्यांवरून घेतले, ते पत्रे युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी हातोड्याने ठोकून काढले. पाहायला येणारा माणूस त्या बंदुकांवर पाय ठेवून चालतो. असल्या कामाला सरकारनेच पैसा द्यावा, असे माझे मत.

खवचट: आणि उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोप्ये? तिथल्या सरकारनेही कलेवरच पैसा ओतला. २०११ मध्ये भर चौकात घोड्यावरचा प्रचंड योद्धा उभा केला. नाव घेतले नाही, पण तो अलेक्झांडर हे शेंबड्या पोरालाही कळत होते. अलेक्झांडर आपलाच, असे मानणारा ग्रीस भडकला, देशातले अल्पसंख्य अल्बेनियन दुरावले. २०१६ मध्ये निदर्शकांनी त्या नव्या इमारती-पुतळ्यांवर रंग फेकले. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, इतिहास त्याचा.

चौकस: तिथे समेट करायचाच नव्हता हो, मिरवायचे होते. पीडितांना कुणी विचारले तरी का?

वाटसरू: मधेच बोलतो. बोस्नियातल्या मोस्तार शहरात २००५ साली जर्मन सरकारी निधीच्या मदतीने ब्रूस लीचा पुतळा बसवला. का, तर तो तिथे आपसांत लढलेल्यांपैकी कुणाचाच नाही: ना क्रोएट, ना बोस्नियाक, ना सर्ब! कुठल्याच बाजूकडे रोखून पाहू नये म्हणून तोंडही उत्तरेला. तरी लगेच मोडतोड झालीच. मला मात्र कल्पना भन्नाट वाटते.

खवचट: भन्नाट आहेच, पण त्याने तिथल्या शाळांमधली क्रोएट-बोस्नियाक मुलांची फाळणी मिटली का? 'पीडितांना विचारले' एवढ्यावरही भागत नाही. त्याच कोलंबियात ऑक्टोबर २०१६च्या सार्वमतात मूळ करार निसटत्या मतांनी फेटाळला गेला. 'नको' म्हणणाऱ्यांचाही कर त्या फरशांत गेलाच ना?

चौकस: गेला. युद्धातल्या अत्याचारांचा छडा लावणाऱ्या सत्यशोधन आयोगातही गेला, मग तोही बंद करायचा? सार्वमतानंतर करार दुरुस्त होऊन संसदेत मंजूर झाला. नको म्हणणाऱ्यांनी त्या फरशांवर उभे राहून शिव्या घालाव्यात, जागा सार्वजनिक आहे. तेच काम एखाद्या धनिकाच्या खासगी दालनात असते, तर त्यांना दारातून आत तरी घेतले असते का?